ट्रस्टला बोटं नसतात



बऱ्याच विकांतांनंतर लिहायला बसलोय. मधले दोन महिने एका रिलीजने खाल्ले... असो. आजचा विषय जरा विचित्र आहे. बंदुका, कर, इंग्लंडचा आठवा हेन्री राजा आणि एक राहून गेलेला 'एल्स'. शेवटचा शब्द ज्यांना कळला ते आमच्या धंद्यातले. बाकीच्यांना पुढे कळेलच.

तर झालं असं. २०२४ साली कंपनीने मला सहा महिन्यांसाठी डॅलसला पाठवलं होतं. क्लायंटकडचा टीम लीड पन्नाशीचा, शांत, दर सोमवारी घरून केक आणणारा माणूस. एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "बँकेत जाऊन येतो, चल सोबत. नोटरीसमोर सही करायची आहे. ट्रस्टचे कागद आहेत."

ट्रस्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर काय येतं? देवस्थान, गणपती मंडळ, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतल्या दोरी बांधलेल्या फायली. मी आदराने विचारलं, "कसला ट्रस्ट? शाळा वगैरे काढतोयस का?"

"नाही रे, सायलेन्सरसाठी."

मला आधी बुलेटचा सायलेन्सर आठवला. (पुण्यात पोलीस कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, ते दृश्य.) त्याचा सायलेन्सर होता बंदुकीचा. एक सायलेन्सर, एक आखूड नळीची रायफल आणि या दोन वस्तूंची मालकी सांभाळायला एक रीतसर ट्रस्ट. मुलगा नुकताच एकवीस वर्षांचा झाला होता, त्याचं नाव विश्वस्तांमध्ये घालायचं होतं. नोटरीबाईंनी शिक्का मारला, पाच मिनिटांत काम संपलं. परत येताना तो गमतीने म्हणाला, "तुझंही नाव घालू का?" मी हसलो. हसायला नको होतं, हे नंतर कळलं. त्यावर पुढे येतो.

त्या विकांताला मी खोलीवर बसून वाचत सुटलो. बंदुकीला ट्रस्ट कशाला लागतो? परवाना काढा, विषय संपवा. पण उत्तर शोधता शोधता मी पार तेराव्या शतकात पोचलो. तिथूनच सुरुवात करू.

*

त्या काळच्या इंग्लंडमध्ये जमीन ही वरच्या सरदाराकडून, शेवटी राजाकडून, धरलेली असायची. धरणारा मेला की सरदाराची चंगळ. वारसाने नजराणा भरायचा. वारस लहान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न सरदार खाणार. शिवाय अशी जमीन मृत्युपत्राने कोणाला देताही येत नसे. थोडक्यात, मरण फार महाग होतं.

लोकांनी युक्ती काढली. जिवंतपणीच जमीन चार-पाच विश्वासू मित्रांच्या नावावर करायची आणि सांगायचं, "कागदावर तुम्ही मालक, पण उपभोग माझ्या बायकोमुलांचा." मित्र एकाच वेळी सगळे मरत नाहीत. एक गेला की त्याच्या जागी दुसरा घ्यायचा. म्हणजे कागदावरचा मालक कधी मरतच नाही! मग नजराणा कसला आणि पालकत्व कसलं? फ्रान्सिस्कन साधूंनाही याच सोयीचा उपयोग झाला. त्यांना मालमत्ता बाळगायची बंदी, पण डोक्यावर छप्पर तर हवं. मग घर दुसऱ्याच्या नावावर आणि वापर साधूंचा.

आठव्या हेन्रीची तिजोरी यामुळे गळायला लागली. १५३६ साली त्याने संसदेकडून कायदा करून घेतला : ज्याचा उपभोग, तोच कायदेशीर मालक. पळवाट बंद! वकिलांनी काय करावं? उपभोगावर दुसरा उपभोग लादला. कायदा पहिल्या थराला लागू होई, दुसरा थर शिल्लक राही. सतराव्या शतकात चॅन्सरी न्यायालयाने हा दुसरा थर मान्य केला आणि आजचा ट्रस्ट जन्माला आला. तीच कल्पना पुढे इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली (आपला खाजगी ट्रस्टचा कायदा १८८२ चा आहे) आणि अमेरिकेतही गेली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रस्टच्या मुळाशी दानधर्म नाही. मुळाशी आहे मरणाच्या वेळी होणारा सरकारचा हस्तक्षेप टाळणं. दानधर्म नंतर आला.

*

आता एकदम चारशे वर्षांची उडी मारू. अमेरिका, १९२९. चौदा फेब्रुवारीला शिकागोत एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं गेलं आणि थॉम्पसन सबमशिनगन व शॉटगनने उडवलं गेलं. मारणाऱ्यांपैकी काही पोलिसांच्या गणवेशात होते. दारूबंदीचा काळ, टोळ्यांचं राज्य. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत निवडून आलेल्या पण अजून शपथ न घेतलेल्या रूझवेल्टवर एकाने गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट वाचला, शिकागोचा महापौर अँटन सर्माक जखमी होऊन पुढे वारला. ते हत्यार मशिनगन नव्हतं, साधं रिव्हॉल्व्हर होतं. हेही लक्षात ठेवा.

रूझवेल्टच्या सरकारला शस्त्रांवर नियंत्रण हवं होतं. पण अडचण अशी की संघराज्य सरकारला एखादी वस्तू थेट बंद करायचा अधिकार आहे का, याचीच खात्री नव्हती. त्यावर ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी काँग्रेसच्या समितीपुढे मार्ग सांगितला. त्याचं सार असं : मशिनगन कोणीच बाळगू नये असा कायदा केला तर घटनेचा प्रश्न उभा राहील, पण मशिनगनवर कर लावतो म्हटलं तर आपण सुरक्षित आहोत. कर लावायचा अधिकार निर्विवाद आहे.

म्हणजे हवी होती बंदी आणि लिहिला कर. २६ जून १९३४ ला 'नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट' झाला (यापुढे एनएफए). प्रत्येक हस्तांतरावर कर २०० डॉलर. त्या काळी नव्या थॉम्पसन गनची किंमतच साधारण तेवढी होती. आजच्या पैशांत हे चार हजार डॉलरच्या वर जातं. करातून उत्पन्न मिळावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, कोणी भरू नये हाच हेतू होता.

मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन त्यात कशासाठी? तर लोक लांब बंदुकीची नळी कापून तिचं कोटात लपवता येईल असं हत्यार करतील आणि पिस्तुलाचा कर चुकवतील, म्हणून. तर्क बरोबर आहे. पण नॅशनल रायफल असोसिएशन आणि इतरांच्या विरोधानंतर पिस्तुलं कायद्यातून वगळली गेली. जी पळवाट अडवण्यासाठी आखूड रायफली घातल्या, तिची गरजच संपली. तरी त्या कायद्यात राहिल्या! आजही अमेरिकेत पिस्तूल एनएफएमध्ये येत नाही, पण रायफलची नळी सोळा इंचांपेक्षा कमी असेल तर येते. (शॉटगनला अठरा इंच.)

आमच्या धंद्यात याला डेड कोड म्हणतात. फीचर रद्द झालं, त्याच्यासाठी लिहिलेलं व्हॅलिडेशन तसंच राहिलं. आता त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही, कारण काय मोडेल सांगता येत नाही.

सायलेन्सरही यादीत आला. त्याची एक छान गोष्ट आहे. सायलेन्सर बनवला हायरम पर्सी मॅक्सिम याने, पेटंट १९०९ चं. याचा बाप हायरम मॅक्सिम, म्हणजे मॅक्सिम मशिनगनचा जनक. एवढा आवाज करणाऱ्या बापाच्या पोटी आवाज बंद करणारा मुलगा! आणि या पोराने मोटारींचे मफलरही बनवले. म्हणजे माझ्या डोळ्यासमोर आलेला बुलेटचा सायलेन्सर अगदीच चुकीचा नव्हता :-)

*

आता मुख्य मुद्दा. कर भरायचा तर अर्ज हवा, अर्ज म्हटला की अर्जदाराची ओळख हवी. १९३४ च्या कायद्यात त्यासाठी एक तरतूद आहे, माझ्या शब्दांत सांगायची तर अशी : अर्जदाराची ओळख नियमांत सांगितल्याप्रमाणे पटवावी, आणि अर्जदार जर हाडामांसाचा माणूस असेल तर त्या ओळखीत बोटांचे ठसे आणि फोटो असलाच पाहिजे.

'जर माणूस असेल तर.'

आणि नसेल तर? कायद्याचं उत्तर : काही नाही. 'इफ' आहे, 'एल्स' नाही.

अर्जदार माणूस नसेल असं त्यांना वाटलं तरी का? कारण हा करकायदा होता. करकायद्यात 'पर्सन' म्हणजे फक्त माणूस कधीच नसतो. भागीदारी, कंपनी, महामंडळ सगळे येतात, नाहीतर कर बुडतो. १९३४ च्या व्याख्येत भागीदारी आणि कंपन्या होत्या. पुढे एनएफए महसुली संहितेत बसला, आणि त्या संहितेच्या व्याख्येत 'पर्सन'मध्ये ट्रस्टही येतो. फौजदारी कायदा लिहिला असता तर 'कोणता माणूस हे हत्यार बाळगतोय' हा पहिला प्रश्न असता. कर लिहिला म्हणून पहिला प्रश्न झाला, 'पैसे कोण भरतोय?'

कंपनीला बोटं नसतात. ट्रस्टलाही नसतात. ठसे कोणाचे घेणार?

हा बग बरीच वर्षं फार कोणाच्या लक्षात आला नाही, कारण २०० डॉलरच इतके होते की गर्दीच नव्हती. मध्ये कायद्याला इतर ठिगळं लागत राहिली. १९३७ साली सर्वोच्च न्यायालयाने सोन्झिन्स्की खटल्यात हा कर म्हणून वैध ठरवला. १९३९ साली मिलर खटल्यातही तो टिकला. त्या खटल्यातला जॅक मिलर निकालाच्या आधीच गोळ्या लागून मेलेला सापडला होता, पण ती वेगळी कथा. जानेवारी १९६८ मध्ये हेन्स खटल्यात वेगळीच भानगड निघाली. बेकायदा हत्यार असलेल्याला 'नोंदणी कर' म्हणणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे नोंदणीचा नियम ज्यांच्यासाठी केला, नेमके तेच त्यातून सुटले! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त केला आणि महिनाभराची माफीची मुदतही दिली. १९८६ साली नवीन मशिनगनची नोंदणी सामान्य नागरिकांसाठी बंद झाली. ज्या आधी नोंदलेल्या होत्या तेवढ्याच उरल्या, आणि त्यांच्या किमती आज हजारो डॉलरमध्ये आहेत.

पण तो 'इफ' सगळ्या दुरुस्त्यांतून जसाच्या तसा राहिला.

*

दरम्यान दोन गोष्टी बदलल्या. एक, २०० डॉलर १९३४ पासून कधी वाढवलेच नाहीत. महागाई वाढत गेली आणि जो कर बंदी म्हणून लावला तो हळूहळू एका बऱ्या जेवणावळीच्या बिलाइतका झाला. दोन, नियमांनुसार माणसाला अर्जावर आणखी एक गोष्ट लागायची : स्थानिक पोलीसप्रमुखाची, म्हणजे बहुधा शेरीफची, सही. आणि शेरीफवर सही करायचं कोणतंही बंधन नव्हतं. कारण न देता तो 'नाही' म्हणू शकायचा. काही जिल्ह्यांत शेरीफ कोणालाच सही द्यायचे नाहीत. शेजारच्या जिल्ह्यात मिळायची. तलाठ्याच्या दाखल्यासाठी चकरा मारलेल्या कोणालाही हे दुःख समजावून सांगायची गरज नाही.

ट्रस्टला ती सहीही लागत नव्हती. सही माणसासाठी, फोटो माणसासाठी, ठसे माणसासाठी.

पण माझ्या टीम लीडने मला सांगितलेलं कारण वेगळं होतं, आणि ते ऐकल्यावर माझं मत थोडं हललं. एनएफएमधली वस्तू एका माणसाच्या नावावर नोंदली की ती बाळगायचा अधिकार फक्त त्याचा. तो सोबत नसताना ती दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असणं हा गुन्हा, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तो म्हणाला, "माझ्या बायकोला तिजोरीचा नंबर माहीत आहे. मी ऑस्टिनला गेलो आणि ती घरी एकटी आहे. आता वस्तू कोणाच्या ताब्यात? वकील म्हणतो, प्रश्न विचारला जाऊ शकतो. मी एका लोखंडाच्या नळीपायी बायकोला त्या प्रश्नात घालू?"

ट्रस्टमध्ये हे सुटतं. ट्रस्ट करणारा तो. विश्वस्त तो, बायको आणि आता मुलगा. लाभार्थी मुलं. शेवटी एक परिशिष्ट, त्यात ट्रस्टच्या वस्तूंची यादी. विश्वस्त असल्यामुळे बायकोच्या हातात वस्तू असली तरी ती कायद्यातच आहे. आणि उद्या तो गेला तरी उरलेले विश्वस्त आहेतच, वस्तू रातोरात बेवारस होत नाही. हा कागद नीट केलेला हवा मात्र. साध्या मालमत्तेच्या ट्रस्टमध्ये विश्वस्ताला 'वस्तू वाटून टाक' असं लिहिलेलं चालतं. इथे सरकारी मंजुरीआधी वाटली तर विश्वस्तच आत. वारस अज्ञान असेल तर काय, दुसऱ्या राज्यात ही वस्तू बेकायदा असेल तर काय, वारसालाच शस्त्र बाळगायची बंदी असेल तर काय, हे सगळं आधी लिहून ठेवावं लागतं.

आठव्या हेन्रीच्या काळची तीच युक्ती! चार विश्वासू मालक, एकाच वेळी न मरणारे.

*

मग इंटरनेट आलं आणि युक्ती सगळ्यांना कळली. २००० साली ट्रस्ट आणि कंपन्यांच्या नावाने असे अर्ज वर्षाला नऊशेही नव्हते. २०१२ साली ४० हजारांच्या आसपास. २०१४ साली ९० हजारांच्या वर. वकिलांनी 'गन ट्रस्ट' नावाचा व्यवसायच उभा केला. ज्यांना वकिलाचे पैसे द्यायचे नव्हते त्यांनी घरगुती मृत्युपत्र बनवायचं सॉफ्टवेअर वापरलं. हो, घरी बसून, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश.

फेब्रुवारी २०१३ मध्ये लॉस एंजेलिसचा माजी पोलीस ख्रिस्तोफर डॉर्नर याने चार जणांचा जीव घेतला. मरणाआधी त्याने एक लांबलचक पत्र लिहून ठेवलं होतं. त्यात आपण सायलेन्सर आणि आखूड रायफल कशी मिळवली तेही होतं : 'क्विकन विलमेकर' वर बनवलेला ट्रस्ट आणि नोटरीचे दहा डॉलर. आणि ही पळवाट असायला नको, असंही त्यानेच लिहिलं होतं.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला. ज्या माणसाने बग वापरला, त्यानेच बग रिपोर्ट लिहिला होता. पण तो वाचायला चार माणसं उरली नव्हती.

इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लाखो आयटी वाल्यांत दोन चोर निघाले म्हणून आपण सगळे चोर होत नाही, तसं ट्रस्ट करणारे बहुसंख्य लोक माझ्या लीडसारखेच होते. शिवाय ट्रस्टवर अजिबात तपासणी नव्हती हेही खरं नाही. दुकानातून वस्तू घ्यायला जो विश्वस्त जायचा, त्याची गुन्ह्यांची नोंद तिथे तपासली जायची. प्रश्न उरायचा तो बाकीच्यांचा. एक स्वच्छ माणूस वस्तू आणणार, आणि यादीतले उरलेले तिघे कोण, हे कोणी विचारणार नाही.

गंमत म्हणजे दुरुस्तीची मागणी बंदुकविरोधकांनी आधी केली नव्हती. २००९ च्या डिसेंबरमध्ये या शस्त्रांचे व्यापारी आणि संग्राहक यांच्याच संघटनेने एटीएफकडे (म्हणजे शस्त्रांचा कारभार पाहणारं केंद्रीय खातं) अर्ज केला होता. म्हणणं दुहेरी होतं : ट्रस्टमधल्या जबाबदार माणसांची तपासणी करा, आणि शेरीफच्या सहीची अट काढून टाका. ऑगस्ट २०१३ मध्ये ओबामा सरकारने प्रस्ताव जाहीर केला. त्यात पहिली मागणी पूर्ण होती, दुसरी मात्र उलटी फिरली होती : शेरीफची सही आता ट्रस्टवाल्यांनाही लागणार! मागितलं काय, मिळालं काय. (क्लायंटला रिक्वायरमेंट सांगितलेल्या कोणालाही हा अनुभव आहे.) साडेनऊ हजारांच्या आसपास हरकती आल्या. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये नियम आला तो बराच शहाणा होता. ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार माणसाने ठसे आणि फोटो द्यायचे. शेरीफची सही मात्र सगळ्यांसाठीच गेली, त्याला फक्त एक प्रत पाठवायची. सही गेली, खबर राहिली. १३ जुलै २०१६ पासून अंमल.

तब्बल ८२ वर्षांनी 'एल्स' लिहिला गेला.

पण पूर्ण नाही. वस्तू मंजूर झाल्यानंतर नवा विश्वस्त घेतला, तर ट्रस्टचा पुढचा अर्ज येईपर्यंत त्याचे ठसे द्यावे लागत नाहीत. म्हणजे त्या शुक्रवारी बँकेत लीडच्या मुलाचं नाव चढलं, ते नोटरीच्या शिक्क्यावर चढलं. मुलगा सरळ आहे. पण ते मला माहीत, कायद्याला नाही.

*

आता माझ्या हसण्याबद्दल. मी तिथे व्हिसावर होतो. अमेरिकन कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूससुद्धा ताब्यात ठेवायची मनाई आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ शिकारीचा वैध परवाना. त्यामुळे रेंजवर मित्रांबरोबर 'एकदा ट्राय करू' म्हणणाऱ्यांनी आणि फोटो टाकणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. लीडने गमतीत म्हटलं तसं माझं नाव खरंच यादीत चढलं असतं, आणि त्या तिजोरीची किल्ली माझ्याकडे आली असती, तर आम्ही दोघं गोत्यात. आणि २०१६ च्या आधी असतं, तर कोणाला कळलंही नसतं. मी पुन्हा विचारलं तेव्हा तो गंभीर झाला. म्हणाला, "मी खरंच नसतं घातलं. पण तुला विचारताना मला व्हिसाचं आठवलंही नाही." चांगला माणूस. केक आणणारा. तरीही नाही आठवलं.

या वर्षी जानेवारीत त्याचा मेसेज आला : "कर शून्य झाला!" जुलै २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने केलेल्या मोठ्या करकायद्यात ही तरतूद होती. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड बंदुकांवरचे ते २०० डॉलर शून्य झाले. मशिनगन आणि स्फोटकांसारख्या वस्तूंवर ते तसेच आहेत. नोंदणी, ठसे, फोटो सगळं कायम आहे. यावर लगेच खटले दाखल झाले. युक्तिवाद सोपा आहे : १९३७ साली हा कायदा टिकला तो कर म्हणून. आता कर शून्य, तर नोंदणी कशासाठी?

मला विचाराल तर या प्रश्नाचं उत्तर १९३४ सालीच द्यायला हवं होतं. कोणाच्या हातात काय असावं हे ठरवायचं होतं, तर ते तसं लिहायला हवं होतं. ते घटनेत बसलं नसतं तर तेव्हाच भांडण झालं असतं, समोरासमोर. त्याऐवजी ते कराच्या कपड्यात लपवलं. मग कराची व्याख्या आली, तिच्यातून ट्रस्ट आला, ट्रस्टमधून पळवाट आली, पळवाटीतून एक भला माणूस बायकोला वाचवतो आणि एक खुनी सायलेन्सर नेतो, आणि कायद्याला दोघांतला फरक दिसत नाही. कारण त्याने तो विचारायचाच नाही असं ठरवलेलं. कोडमध्ये आपणही हेच करतो. खरं कारण कॉमेंटमध्ये लिहीत नाही, 'तात्पुरतं आहे' म्हणतो.

लीडला मी आमच्या आजोबांच्या बंदुकीबद्दल सांगितलं होतं. सिंधुदुर्गात वानर आणि डुकरांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना असायचा, ठासणीची बंदूक. प्रत्येक निवडणुकीला आजोबा ती पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि निकालानंतर घेऊन यायचे. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर. ते गेले तेव्हा बंदूक ठाण्यात जमा झाली. बाबा पुण्यात, काका मुंबईत. परवाना आपल्या नावावर करून घ्यायला कोणी अर्ज केला नाही.

लीडने विचारलं, "मग आता ती कोणाची आहे?"

मला सांगता आलं नाही. घरी फोन करून विचारलं तर आई म्हणाली, पावती कपाटात आहे, आजोबांच्या चष्म्याच्या डबीत.

असो. फारच लांबलं. चहा थंड झाला. पुढच्या विकांताला भेटू.